नंबर नव्हता म्हणून कापलेला टॅक्स बुडत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कराडची. सप्टेंबर २०२३ मध्ये एमएस्सीसाठी ब्रिटनमध्ये लेस्टरला गेले. नोव्हेंबरच्या शेवटी एका एजन्सीमार्फत वेअरहाऊसमध्ये पॅकिंगचं काम मिळालं. एनआय नंबरसाठी (नॅशनल इन्शुरन्सचा नंबर, पगार आणि टॅक्सची नोंद त्याखाली होते) अर्ज केला होता, पण माझे फोटो दोनदा परत आले आणि नंबर हातात पडला तो मार्चअखेर. तोवर मी ते काम सोडलं होतं. तिथे १८ आठवडे काम केलं. दर आठवड्याला ४१ पौंड ६० पेन्स टॅक्स कापला जायचा. ख्रिसमसच्या सुट्टीत तीन आठवडे पूर्ण वेळ केलं, तेव्हा तर ८३ पौंडांच्या वर. एजन्सीत विचारलं, तर "नंबर नाही ना, मग इमर्जन्सी टॅक्स," एवढंच उत्तर. नंतर एप्रिलपासून डिसेंबर २०२४ पर्यंत एका केअर होममध्ये होते, तिथे नंबर दिला होता. जानेवारी २०२५ मध्ये व्हिसा संपला आणि परत आले. केअर होमचा पी ४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार-टॅक्सचा दाखला) माझ्याकडे आहे, त्यावर पगार ११,४०० पौंड आणि टॅक्स ३९३ पौंड दिसतो. एजन्सीचा पी ४५ कधीच मिळाला नाही, पण पगाराच्या सगळ्या स्लिपा ईमेलमध्ये आहेत. त्यातल्या तीन सोबत पाठवते.

मैत्रिणी म्हणतात, नंबर नसताना कापलेला टॅक्स कुणाच्याच नावावर जमा होत नाही, तो गेला. व्हॉट्सॲपवर एकजण मिळवून देतो म्हणतोय. त्याला ४० टक्के हवेत, शिवाय पासपोर्टची प्रत आणि सही केलेला कोरा फॉर्म. बाबांनी शिक्षणासाठी कर्ज काढलंय, त्यामुळे हे पैसे सोडवत नाहीत. पण मागितले तर पुढे कधी व्हिसाला अडचण येईल, अशी भीतीही वाटते. आणि येत्या सप्टेंबरात माझा धाकटा भाऊ कॉव्हेंट्रीला निघालाय. त्याने काय काळजी घ्यावी?

उत्तर : तुझा टॅक्स बुडालेला नाही. उलट तू एकाच वर्षाचा विचार करते आहेस आणि परतावा दोन वर्षांचा निघतो. वेअरहाऊसचे ८७३ पौंड ६० पेन्स आणि केअर होमचे ३९३ पौंड, असे मिळून १,२६६ पौंड ६० पेन्स. या दोन नोकऱ्यांखेरीज त्या दोन वर्षांत तुझं दुसरं काही उत्पन्न नसेल, तर ही सगळी रक्कम तुझी आहे. रुपयांत ती लाखाच्या वर जाते. त्या एजंटला आजच नाही म्हणून कळव आणि कोऱ्या फॉर्मवर सही अजिबात करू नकोस.

आता हे पैसे तुझे कसे, ते नीट समजून घे, कारण मागणी तुलाच करायची आहे. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या ५ एप्रिलला संपतं. त्या वर्षातल्या पहिल्या १२,५७० पौंडांवर आयकर नाही. २०२१ पासून ही मर्यादा तेवढीच आहे. वर्षाच्या मधे येऊन चारच महिने काम केलं म्हणून ती चार महिन्यांपुरती होत नाही. तू सप्टेंबरात गेलीस, म्हणजे ५ एप्रिलपर्यंत १८३ दिवसांहून जास्त तिथे राहिलीस, तिथली रहिवासी ठरलीस, आणि मर्यादा पूर्ण मिळाली. (जानेवारीच्या प्रवेशाने गेलेल्यांचे पहिल्या वर्षी इतके दिवस भरत नाहीत. त्यांनी हे गणित स्वतंत्र तपासून घ्यावं.)

तू पाठवलेल्या स्लिपांपैकी १५ डिसेंबर २०२३ ची मी समोर ठेवली आहे. २० तास, ताशी १० पौंड ४२ पेन्स, एकूण २०८ पौंड ४० पेन्स. खाली टॅक्स ४१.६०, एनआयची वर्गणी शून्य. एनआय नंबरची जागा रिकामी आणि टॅक्स कोडच्या जागी 'शून्य टी, डब्ल्यू १'. तुझ्या साऱ्या दुखण्याचं मूळ या कोडात आहे. शून्य टी म्हणजे या माणसाला करमुक्त रक्कम द्यायचीच नाही, पहिल्या पौंडापासून २० टक्के कापायचे. डब्ल्यू १ म्हणजे प्रत्येक आठवडा सुटा मोजायचा, मागचं काही बघायचं नाही. २०८ चे २० टक्के ४१.६०, हिशेब तंतोतंत जुळतो.

एजन्सीने दिलेलं उत्तर मात्र अर्धवट होतं. नंबर नसला की आपोआप हा कोड लागतो असं नाही. नोकरीला लागताना 'स्टार्टर चेकलिस्ट' नावाचा एक फॉर्म भरायचा असतो. त्यात या करवर्षातली ही माझी पहिलीच नोकरी, असं सांगितलं की नंबर नसतानाही १२५७ एल हा नेहमीचा कोड लावता येतो. तो फॉर्म भरून घेतला नाही किंवा त्यात काही निवडलंच नाही, तर मालक शून्य टी लावतो. ज्याला खरोखर इमर्जन्सी कोड म्हणतात तो १२५७ एल आणि पुढे डब्ल्यू १ असा असतो, आणि त्यात आठवड्याला २४१ पौंडांपर्यंत टॅक्स बसत नाही. म्हणजे तुझ्या २०८ पौंडांवर त्याही कोडाने एक पेनी कापली गेली नसती. तुला दिलेल्या कागदांत तो फॉर्म होता का, हे आता शोधत बसू नकोस. परताव्यासाठी त्याची गरज नाही.

१५ आठवडे २०८.४० आणि सुट्टीतले तीन आठवडे ४१६.८० धरले, तर २०२३-२४ मध्ये तुझी कमाई ४,३७६ पौंड ४० पेन्स होते. १२,५७० च्या कितीतरी खाली. देणं शून्य, कापले ८७३.६०, म्हणून सगळेच परत.

केअर होमची गोष्ट वेगळी आहे. तिथे कोड बरोबर होता, कुणाची चूक नव्हती. बरोबर कोडात करमुक्त रक्कम महिन्यामहिन्याने वाटून मिळते. डिसेंबरपर्यंत नऊ महिन्यांचे सुमारे ९,४३४ पौंड तुझ्या वाट्याला आले, त्यावरच्या १,९६६ पौंडांवर २० टक्के कापले गेले आणि ते ३९३ झाले. मग तू परत आलीस. उरलेल्या तीन महिन्यांची करमुक्त रक्कम वापरलीच गेली नाही. पूर्ण वर्षाचा हिशेब मांडला तर ११,४०० ही रक्कमही १२,५७० च्या आतच आहे. अधल्यामधल्या महिन्यात मायदेशी परतणाऱ्या बहुतेक मुलामुलींचं असं काही ना काही तिथे राहून जातं. नंबरचा घोळ कधी झालाच नव्हता, म्हणून त्यांच्या ते लक्षातही येत नाही.

"नंबर नसताना कापलेला टॅक्स कुणाच्याच नावावर जमा होत नाही," हे तुझ्या मैत्रिणींचं म्हणणं खरं नाही, पण त्यामागे एक खरी अडचण आहे. मालक दर पगाराला एचएमआरसीकडे, म्हणजे तिथल्या कर खात्याकडे, ऑनलाइन नोंद पाठवतो. एनआय नंबर नसेल तर ती जागा रिकामी सोडून नाव, जन्मतारीख आणि पत्ता पाठवायचा असतो. पुढे तुला नंबर मिळाला की या जुन्या नोंदी त्या नंबराला जोडल्या जायला हव्यात. नाव आणि जन्मतारीख जुळली तर जोडल्या जातात. नाही जुळली तर तुझी कमाई आणि तुझा टॅक्स खात्याकडे असतो, पण तुझ्या नंबराखाली दिसत नाही. मग वर्ष संपल्यावर जास्त कापलेल्या टॅक्सचं जे पत्र यायचं, पी ८०० नावाचं, ते येत नाही.

आणि आपल्या मराठी नावांचा इथे हमखास घोटाळा होतो. तुझी स्लिप पुन्हा बघ. पहिलं नाव बरोबर आहे, पण आडनावाच्या जागी वडिलांचं नाव आहे आणि आडनाव गायब. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं ओळीने सांगतो. टाइप करणाऱ्याने पहिले दोन शब्द घेतले आणि तिसरा सोडला. एनआय नंबर मात्र पासपोर्टवरच्या नावाने आला. कर खात्याच्या लेखी या दोन वेगवेगळ्या मुली झाल्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचंही असंच होतं. हे दुरुस्त होतं. फक्त ते कुणीतरी लेखी सांगावं लागतं, आणि ते सांगणारी तू.

एजन्सीच्या पी ४५ साठी एक ईमेल कर. हरवलेल्या पी ४५ ची दुसरी प्रत मालकाला देता येत नाही, त्यामुळे "ड्युप्लिकेट मिळत नाही" असं उत्तर आलं तर वाद घालू नकोस. कामावर लागल्याची आणि सोडल्याची तारीख, एकूण पगार, एकूण कापलेला टॅक्स, आणि तुझा पेरोल नंबर (पगारपत्रकातला तुझा क्रमांक), एवढं कंपनीच्या लेटरहेडवर माग. तेही दिलं नाही, तर २९ मार्च २०२४ ची शेवटची स्लिप आहेच. तिच्यात करवर्षाच्या सुरुवातीपासूनचा एकूण पगार आणि एकूण टॅक्स छापलेला असतो, म्हणून १८ स्लिपांमध्ये ती सगळ्यात मोलाची. मालकाचा पेई (पे ॲज यू अर्न, म्हणजे पगारातून टॅक्स कापण्याची पद्धत) संदर्भ क्रमांकही शोध. तीन आकडे, मग तिरकी रेघ, मग अक्षरं-आकडे, असा तो असतो. तो असला की कुठल्या मालकाने केलेली नोंद शोधायची, हे खात्याला लगेच कळतं. एजन्सीने टॅक्स कापून सरकारात भरलाच नसेल तर, अशी शंका तुझ्या मनात येईल. स्लिपेवर कापल्याचं दिसतंय ना, मग कर्मचाऱ्याच्या बाजूने तो भरल्यातच जमा आहे. मालकाकडून वसूल करणं हे खात्याचं काम. म्हणूनच म्हणते, त्या स्लिपा ईमेलमध्येच पडू देऊ नकोस, उतरवून दोन ठिकाणी ठेव.

मागणीचा रस्ता असा. ब्रिटन सोडून गेलेल्यांसाठी पी ८५ नावाचा फॉर्म आहे. गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर तो मिळतो आणि तो भरायला पैसे लागत नाहीत. तिथे असताना तू कर खात्याचं ऑनलाइन लॉगइन केलं असशील तर तिथूनच भर. नसेल, तर भारतात बसून नवं लॉगइन करताना ओळख पटवण्यात अडकायला होतं. त्यापेक्षा फॉर्म छापून, भरून, सही करून पाठवणं सोपं. त्याला केअर होमच्या पी ४५ चे भाग २ आणि ३ जोड, पाठवण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढून घे.

पी ८५ बरोबर वेअरहाऊसच्या वर्षासाठी वेगळं पत्र जोड. एका पानात बसेल. वर तुझं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, एनआय नंबर, लेस्टरचा तेव्हाचा पत्ता आणि कराडचा आताचा पत्ता. मग साध्या इंग्रजीत एवढंच: १ डिसेंबर २०२३ ते २९ मार्च २०२४ या काळात अमुक एजन्सीकडून मला पगार मिळाला, तेव्हा एनआय नंबर आला नव्हता. एजन्सीच्या नोंदीत माझं आडनाव चुकीचं आहे, ते स्लिपेत दिसेल. एकूण पगार ४,३७६.४०, कापलेला टॅक्स ८७३.६०, कोड शून्य टी. त्या वर्षात माझं ब्रिटनमध्ये दुसरं काही उत्पन्न नव्हतं. ही नोंद माझ्या नंबराला जोडावी आणि जास्त कापलेला टॅक्स परत करावा. सोबत स्लिपांच्या आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या प्रती. मूळ स्लिपा पाठवू नकोस. आर्जवाची भाषा नको आणि रागाचीही नको.

पत्ता असा: पे ॲज यू अर्न अँड सेल्फ असेसमेंट, एचएम रेव्हेन्यू अँड कस्टम्स, बीएक्स९ १एएस, युनायटेड किंगडम. यात रस्ता नाही, गाव नाही, म्हणून पत्ता अपुरा आहे असं वाटेल, पण तो तेवढाच आहे. तो पिनकोड खास पत्रव्यवहारासाठीचा आहे, खऱ्या जागेचा नाही. त्यामुळे खासगी कुरिअरवाले घोळ घालतात. आपल्या पोस्टातूनच पाठव आणि पावती जपून ठेव. उत्तराला आठवडे नाही, महिनेही लागू शकतात. विचारपूस करायची तर परदेशातून लावायचा नंबर +४४ १३५ ५३५ ९०२२. त्यांचे सकाळचे ८ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. सुरुवातीलाच लावलास तर रांग कमी असते.

मुदतीची धास्ती घेऊ नकोस. करवर्ष संपल्यापासून चार वर्षं मागणी करता येते. २०२३-२४ साठी ५ एप्रिल २०२८ पर्यंत आणि २०२४-२५ साठी ५ एप्रिल २०२९ पर्यंत. पण मुदत आहे म्हणून लांबवूही नकोस. एजन्सी बंद पडते, ईमेलचा पासवर्ड विसरतो, आणि मग हाती काहीच उरत नाही.

केअर होमच्या वर्षाचं ते पी ८०० पत्र लेस्टरच्या जुन्या पत्त्यावर आधीच जाऊन पडलं असण्याची शक्यता आहे. त्या घरात आता कोण राहतं ते ओळखीतून विचार. खाकी पाकिटं आली असतील तर फोटो काढून पाठवायला सांग. पत्र आलं की पैसे आपोआप येतात असं नाही, त्यात सांगितल्याप्रमाणे मागणी करावी लागते. तिथलं बँक खातं अजून चालू असेल तर ते बंद करू नकोस, परतावा त्यातच घे. बंद केलं असशील तर चेक येईल, आणि पौंडातला चेक कराडमधल्या बँकेत वटवणं म्हणजे मोठाच ताप, बऱ्याच शाखा घेतच नाहीत. त्यापेक्षा तिथे राहणाऱ्या तुझ्या पूर्ण विश्वासातल्या एखाद्या माणसाला पैसे द्यावेत, असं फॉर्मवरच लिहिता येतं. भाऊ तिकडे पोचून त्याचं खातं उघडेपर्यंत थांबायची तयारी असेल, तर त्याचं नाव देता येईल. मुदत आहेच.

आता त्या एजंटविषयी. जो फॉर्म फुकट आहे आणि ज्याच्यासाठी लागणारे सगळे कागद तुझ्याकडेच आहेत, त्यासाठी ४० टक्के म्हणजे ५०० पौंडांहून जास्त. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी ही माणसं थंडीत उभं राहून तू भरलेल्या खोक्यांचे पैसे घेतात, याचा मला मनापासून राग येतो. अशा कंपन्या पूर्वी बारीक अक्षरातल्या करारावर सही घेऊन परताव्याचा हक्कच स्वतःच्या नावावर करून घ्यायच्या. १५ मार्च २०२३ पासून असे करार कायद्याने चालत नाहीत. पण पैसे माझ्या खात्यात द्या, असं तुझ्या सहीने लिहून घेणं अजूनही शक्य आहे, आणि कोऱ्या फॉर्मवर सही मागण्याचं कारण तेच. पासपोर्टची प्रत आणि सही हातात असलेला अनोळखी माणूस पुढे त्याचं काय करेल, हा प्रश्न वेगळाच. एक पक्कं लक्षात ठेव: तुमचा परतावा मंजूर झालाय, बँकेची माहिती द्या, असा मेसेज कर खातं कधीच पाठवत नाही, व्हॉट्सॲपवरही नाही आणि साध्या एसएमएसवरही नाही. तुझा परतावा यायचा आहे हे एजंटला आता ठाऊक आहे, तेव्हा असा मेसेज येणारच असं धरून चाल.

व्हिसाची भीती मनातून काढून टाक. कामाची परवानगी असलेल्या माणसाने नंबर यायच्या आधी काम सुरू करणं कायदेशीर आहे. तुझ्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मुभा होती आणि ख्रिसमसच्या सुट्टीत पूर्ण वेळेची. तुझ्या स्लिपांत तेच दिसतं. शिवाय प्रत्येक पगाराची नोंद तेव्हाच सरकारकडे गेलेली आहे. परतावा मागितल्याने नवं काही उघड होत नाही. कायद्याने जो हिशेब व्हायला हवा तो तू पुरा करून मागते आहेस.

एका रकमेची मात्र आशा सोड. सुट्टीतल्या तीन आठवड्यांच्या स्लिपांत प्रत्येकी २० पौंड ९८ पेन्स एनआयची वर्गणी कापलेली असणार, मिळून ६२ पौंड ९४ पेन्स. आयकर वर्षाचा मिळून मोजतात, तशी ही वर्गणी मोजत नाहीत. ज्या आठवड्यात पगार २४२ पौंडांच्या वर गेला, त्या आठवड्यापुरती ती कापतात, आणि वर्षाची कमाई कमी आहे म्हणून परत देत नाहीत. तुझ्या ४१६.८० मधून २४२ वजा करून उरलेल्या रकमेचे तेव्हाच्या दराने १२ टक्के कापले, ते बरोबरच आहे. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, तेव्हा एनआय माफ होणार अशा बातम्या फिरल्या. ती तरतूद भारतीय कंपन्यांनी थोड्या काळासाठी तिकडे पाठवलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. शिकायला जाऊन तिथल्या मालकाकडे काम केलेल्यांना ती लागू नाही.

तुझ्या ओळखीत असंही कुणी असेल, जे नंबर मिळण्याआधीच परत आले. त्यांना भारतात बसून आता एनआय नंबर काढता येणार नाही, अर्जदार ब्रिटनमध्ये असावा लागतो. पण परताव्यासाठी नंबर असलाच पाहिजे असं नाही. त्यांनी पी ८५ वर ती जागा मोकळी सोडावी आणि पत्रात नंबर कधीच मिळाला नाही, असं स्पष्ट लिहावं. मग शोधायला उरतं नाव, जन्मतारीख, तेव्हाचा पत्ता, मालकाचा पेई क्रमांक आणि पेरोल नंबर. म्हणून त्यांच्या बाबतीत हे पाचही तपशील पी ४५ वर किंवा स्लिपेवर जसे छापलेत तसेच उतरवायला हवेत. नाव चुकीचं छापलं असेल तर तेही तसंच लिहून शेजारी बरोबर नाव द्यायचं.

भावासाठी. तिकडे उतरल्यावर त्याने आधी स्वतःच्या ई-व्हिसाचं खातं उघडून बघावं. काहीजणांना एनआय नंबर तिथेच दिलेला असतो. नसेल तर काम शोधायला लागल्याबरोबर सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करावा, तो फुकट आहे. ओळख पटल्यावर चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात. फोटो नाकारले जाणार नाहीत अशा उजेडात काढावेत, तुझे महिने त्यातच गेले. नंबर येईपर्यंत घरातल्या दुसऱ्या मुलाने "माझा नंबर दे," म्हटलं, तरी तसं करू नये. कमाई दुसऱ्याच्या नावावर चढते, दोघांचाही हिशेब बिघडतो, आणि तो सरळसरळ गुन्हा आहे. कामाची परवानगी दाखवायला ई-व्हिसाच्या खात्यातून काढलेला शेअर कोड पुरतो.

नोकरीच्या पहिल्या दिवशी स्टार्टर चेकलिस्ट त्याने मागून घ्यावी. ६ एप्रिलनंतरची ब्रिटनमधली पहिलीच नोकरी असेल तर 'ए' निवडावं. एक नोकरी चालू असताना दुसरी धरली तर तिथे 'सी' येतं, आणि त्या पगारावर सरसकट २० टक्के कापतात. त्यात चूक नसते, वर्षअखेर हिशेब होतो. नाव लिहिताना पासपोर्ट समोर ठेवावा आणि आडनावाच्या चौकटीत आडनावच आहे ना, हे पहिल्या स्लिपेवर स्वतः वाचून घ्यावं. त्याच स्लिपेवर कोड बघावा. १२५७ एल असेल आणि पुढे डब्ल्यू १, एम १ किंवा एक्स यांपैकी सुट्या मोजणीची खूण नसेल, तर सगळं ठीक. शून्य टी दिसला, तर त्याच आठवड्यात पेरोलवाल्यांना लेखी कळवावं. करवर्ष संपायच्या आत कोड सुधारला, तर आधी जास्त कापलेले पैसे पुढच्या पगाराबरोबरच खात्यात येतात. फॉर्म नको, पत्र नको, कराडहून पोस्टाच्या फेऱ्याही नकोत.